क्ले ॲनिमेशनच्या २० सेंमी बाहुलीत जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) तारेचा सांगाडा घातला, पण वाकवलेला हात मागे येतो. कोणती तार वापरू?

१.५ मिमीची मऊ ॲल्युमिनियम तार दुपदरी पीळ देऊन वापरा. जीआय तार वाकवली की थोडी उसळतेच, ॲल्युमिनियम मात्र वाकवाल तिथे थांबतं. तार मधोमध दुमडा, दोन्ही टोकं ड्रिलच्या चकमध्ये (बिट बसवायच्या तोंडात) पकडा आणि हळूहळू फिरवा. पीळ फार आवळला तर तार कडक होऊन लवकर तुटते, त्यामुळे पदर एकमेकांना नीट चिकटले की थांबा. छाती, कंबर आणि दंड-मांडीच्या मधल्या भागावर एम-सील लावा, कोपर-गुडघे मोकळे सोडा. म्हणजे वाक सांध्यातच पडतो. उघड्या तारेवरून क्ले घसरते, तेव्हा वरून सुती दोरा गुंडाळा. चालण्याचे शॉट जास्त असतील तर घोट्याची तार कधीतरी तुटणारच, म्हणून पायांची जादा जोडी आधीच करून ठेवा.