सीटीओ कुणाला करू, मावसभावाला की ॲप बनवणाऱ्या मुलाला?

प्रश्न: नमस्कार. मी इचलकरंजीची, वय २९, बी.कॉम. वडिलांचा ट्रान्सपोर्टचा धंदा आहे, कापडाच्या गाठी घेऊन गाड्या भिवंडीला जातात आणि येताना बऱ्याचदा रिकाम्या येतात. त्या रिटर्न भाड्यासाठी मी दीड वर्षापूर्वी काम सुरू केलं, आधी व्हॉट्सॲप ग्रुप आणि एक्सेलवर, मग कोल्हापूरच्या एका मुलाने साधं ॲप करून दिलं, आता १४० गाड्या जोडल्यात. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी पण काढलीय. पैसे गुंतवू इच्छिणारे एक ओळखीचे म्हणतात आधी सीटीओ, म्हणजे कंपनीच्या तंत्रज्ञानाचा प्रमुख, आणा मग बोलू. माझा मावसभाऊ हिंजवडीला मोठ्या आयटी कंपनीत १४ वर्षं आहे, मॅनेजर आहे, तो तयार आहे पण सीटीओ पद आणि ४० टक्के शेअर्स मागतोय, आणि नोकरी सहा महिन्यांनी सोडेन तोवर रात्री काम करेन म्हणतो. ॲपवाला मुलगा २६ वर्षांचा, डिप्लोमा झालेला, टीम कधी सांभाळलेली नाही. मला कोडिंगचं काहीच कळत नाही, मी ठरवायचं कसं?

उत्तर: ताई, आधी हे सांगतो की कोडिंग येत नाही म्हणून हा निर्णय तुम्हाला घेताच येणार नाही असं अजिबात नाहीये. झिरोधा या शेअर ब्रोकर कंपनीचंच बघा, २०१० मध्ये नितीन कामत यांनी सुरू केली तेव्हा ते ट्रेडर होते, प्रोग्रामर नव्हते, आणि कैलाश नाध हे त्यांचे सीटीओ आले २०१३ मध्ये, म्हणजे धंदा उभा राहिल्यावर. नाध यांनी त्याआधी ओलम नावाची ऑनलाइन मल्याळम डिक्शनरी स्वतः बनवून लोकांसाठी खुली केली होती. कुणी न सांगता स्वतःला गरज वाटली म्हणून काहीतरी बनवलं, लोकांना वापरायला दिलं आणि ते चालू ठेवलं, असा माणूस शोधायचा. आणि हे बघायला कोड वाचता यावा लागत नाही.

आता तुमच्या मावसभावाबद्दल. १४ वर्षांचा अनुभव खोटा नाही, पण तो कसला आहे ते त्यालाच विचारा: शेवटचं स्वतःच्या हाताने काय बनवलं आणि कधी? मोठ्या कंपनीत मॅनेजर झालं की दिवस क्लायंटचे कॉल, रिव्ह्यू, प्लॅनिंग यात जातो, ते काम महत्त्वाचंच असतं पण तिथे सर्व्हर सांभाळायला वेगळी टीम, टेस्टिंगला वेगळी टीम, आणि तुमच्याकडे यातलं काहीच नाही. तुम्हाला आत्ता तो माणूस हवाय जो रात्री दहाला ॲप बंद पडलं तर स्वतः उघडून दुरुस्त करेल, आणि सकाळी ऑफिसात बसून बिल्टी कशी फाडतात, ड्रायव्हरला ॲडव्हान्स कोण देतं, भाडं फोनवर ठरतं की समोर, हे बघेल.

मी हे पोटतिडकीने लिहितोय कारण भोगलंय. बऱ्याच वर्षांपूर्वी पुण्यात एका छोट्या कंपनीत होतो, आमच्याकडे दोनशेच्या आसपास ग्राहक होते, मोठं नाव असलेले एक सीनियर सीटीओ म्हणून आले आणि त्यांनी लाखो ग्राहक येतील असं धरून सगळी सिस्टीम नव्याने लिहायला घेतली, पाच महिने एकही नवीन गोष्ट ग्राहकांपर्यंत गेली नाही, क्लाउडचं बिल वाढत गेलं आणि सिस्टीम तयार व्हायच्या आधी पैसे संपले. माणूस हुशार होता, चांगलाही होता, पण आमच्या त्या वेळच्या गरजेचा नव्हता, आणि हे आम्हाला कळायला उशीर झाला याचं मला आजही वाईट वाटतं.

तर करायचं काय? दोघांनाही तीन आठवड्यांचं खरं काम द्या, फुकट नाही, पैसे देऊन. काम छोटं पण तुमच्या रोजच्या त्रासातलं असू दे, उदाहरणार्थ ड्रायव्हरने गाडी खाली झाल्याचं कळवलं की दहा मिनिटांत जवळच्या मालवाल्याला मेसेज जाणं. मग बघा की कामाला हात लावण्याआधी कोण तुम्हाला जास्त प्रश्न विचारतो, हे आत्ता नको असं कोण म्हणतो (हे म्हणता येणं फार मोठी गोष्ट आहे), आणि अंदाज चुकला तर वेळेआधी कोण सांगतो. अजून एक, दोघांनाही तुमच्या बाबांसमोर बसवून विचारा की घाटात रेंज गेली आणि ड्रायव्हरने तेव्हाच एंट्री केली तर काय होईल? एंट्री फोनमध्येच राहील, रेंज आली की वर जाईल, दोनदा गेली तर एकच धरली जाईल, इतकं बाबांना कळेल अशा मराठीत सांगता आलं तर त्याला विषय समजलाय. कोडची तपासणी मात्र तिसऱ्या कुणाकडून तरी करून घ्या, ज्याला तुमच्या कंपनीत काही नकोय असा एखादा अनुभवी इंजिनिअर, दोन तासांचे पैसे द्या. आणि मावसभावाच्या हाताखाली काम केलेल्या दोन जणांशी बोला, नातं आहे म्हणून हे टाळू नका.

४० टक्क्यांचं: एकदम कुणालाही देऊ नका, मावशीला काय वाटेल हा विचार मनात येणार हे मला समजतं तरीही नाही. वेस्टिंग ठेवा, म्हणजे शेअर्स हळूहळू, काम करत राहील तसे त्याचे होतील, नेहमीची पद्धत ४ वर्षांची, त्यात पहिल्या वर्षाच्या आत सोडलं तर शून्य, वर्ष पूर्ण झालं की पाव हिस्सा आणि पुढे दर महिन्याला ४८ वा हिस्सा. ईसॉप (कर्मचाऱ्याला पुढे ठरलेल्या किमतीत कंपनीचे शेअर्स घेण्याचा हक्क) देणार असाल तर कंपनी कायद्याच्या नियमांप्रमाणे ते दिल्यापासून वेस्ट होईपर्यंत किमान १ वर्ष जावंच लागतं. स्वतःच्या शेअर्सनाही वेस्टिंग लावा म्हणजे भावाला सांगताना तुम्हाला अवघड जाणार नाही. आणि ते रात्री काम करण्याचं आत्ताच थांबवा. त्याच्या नोकरीच्या करारात बाहेरचं काम न करण्याची अट असू शकते, शिवाय त्या काळात लिहिलेल्या कोडवर त्याची कंपनी हक्क सांगू शकेल अशीही. करार आधी वकिलाला दाखवा.

माझा कल विचाराल तर मुलाकडे आहे, १४० गाड्या त्याच्याच ॲपवर चालतायत. पण त्यालाही लगेच सीटीओ करू नका, दिलेलं पद काढून घेणं फार कडू होतं. टेक लीड म्हणा, पगार आणि थोडे ईसॉप द्या, महिन्यातून दोनदा त्याला वेळ देईल असा सल्लागार जोडून द्या, मावसभावाची तयारी असेल तर नोकरी सोडल्यावर तोच. गुंतवणूकदारांना हेच सरळ सांगा.

प्रश्न: आमचं साताऱ्याला क्लासेसचं टेस्ट ॲप आहे, फ्रीलान्सरने बनवलं, अडीच लाख पूर्ण दिले, लेखी करार नाही. आता नवीन टेक हेड घेतोय, तो म्हणतो कोड तुमचा आहे का ते आधी बघा. पैसे दिले म्हणजे आमचाच ना?

उत्तर: नाही, आणि तुमचा नवीन माणूस चांगला दिसतोय कारण त्याने पहिला प्रश्न बरोबर विचारला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून केलेलं काम, वेगळं ठरलेलं नसेल तर, मालकाचं धरतात, पण फ्रीलान्सर नोकर नसतो, त्यामुळे करार नसेल तर सहसा कोडचा पहिला मालक तोच. हक्क लेखी आणि त्याच्या सहीनेच तुमच्याकडे येतो. त्यातही मुदत लिहिली नाही तर कायदा ५ वर्षंच धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत, म्हणून कायमचा आणि जगभरासाठी असं स्पष्ट लिहून घ्या, दिलेल्या अडीच लाखांचा उल्लेखही त्यात करा. वकिलाकडून कागद करून घ्या आणि त्याच दिवशी डोमेन, प्ले स्टोअर, सर्व्हर आणि कोड जिथे ठेवतात त्या गिटहबची खाती कंपनीच्या ईमेलवर घ्या. फ्रीलान्सर अजून संपर्कात असेल तर या आठवड्यातच फोन करा, थोडे जास्त पैसे मागितले तरी द्या.