झूल चढवण्यापेक्षा उतरवण्याकडे लक्ष दे

चि.
अनेक आशीर्वाद.

दिवाळी सरली, आता घोड्याला झूल घालू का, असं तू विचारलंस. कॅलेंडर बघून झूल घालू नकोस. नाशिकला जानेवारीत पहाटे पारा ८-१० अंशांवर असतो आणि दुपारी २८ वर जातो. रात्रीची झूल दुपारपर्यंत अंगावर राहिली की घोडा आतून घामेजतो आणि ऊन कललं की तीच ओल अंगावर गार पडते. म्हणून इथे झूल उतरवण्याची वेळ जास्त महत्त्वाची. तबेल्यात ऊन आलं की, साधारण साडेआठच्या आत, ती निघालीच पाहिजे. सकाळी ते काम करणारं कुणी नसेल तर रात्री घालूच नकोस.

घोड्याच्या अंगावर थंडीचे केस दिवस लहान होऊ लागल्यावर येतात, म्हणजे पावसाळ्यातच त्याची तयारी सुरू होते. आपल्याकडे सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा आणि सर्वांत लहान अकरा तासांचा. फरक थोडा, त्यामुळे केसही बेताचेच वाढतात. तरी अंगात मांस असलेला, केस न कातरलेला घोडा ५ अंशांपर्यंतची कोरडी थंडी बहुधा सहज काढतो. केस उभे करून तो त्यांत हवा धरून ठेवतो. पातळ झूल ते केस दाबून टाकते आणि स्वतःची ऊब मात्र फारशी देत नाही. अशी झूल नसलेली बरी.

निफाडचा पारा घसरल्याची बातमी वाचून घाई करू नकोस. तो निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा आकडा असतो, आणि तोही तिथल्या मोकळ्या शिवारातला. तुझ्या तबेल्यात घोड्याच्या पाठीच्या उंचीवर एक साधा थर्मामीटर टांग आणि वारा कुठून येतो ते बघ. वाऱ्याच्या बाजूला गोणपाट बांधलंस तर निम्मं काम झालं. दुसरं, रात्री आठला नेहमीच्या चाऱ्यावर एक-दीड किलो कोरडं गवत जास्त टाक. मोठ्या आतड्यात ते आंबत राहतं आणि त्याची ऊब रात्रभर मिळते. हरभरा वाढवून हे साधत नाही.

म्हातारा, वाळलेला, आजारातून उठलेला किंवा केस कातरलेला घोडा असेल तर मात्र ८-१० अंशांलाच झूल घाल. सुती अस्तर आणि आत चौरस मीटरला १०० ते २०० ग्रॅम भरण पुरतं. घोंगडीही चालते, पण खाली धुतलेली सुती चादर हवी, नाहीतर खांदे आणि छाती घासून केस जातात. पुरते की नाही हे कान चाचपून कळत नाही. खांद्यामागे झुलीखाली हात सरकव. कातडी कोमट आणि कोरडी लागली तर ठीक. दमट लागली तर झूल जास्त झाली. गार लागली आणि केस ताठ असले तर कमी पडते आहे.

घालताना झूल मानेवर जरा पुढे टाक आणि मागे ओढ, म्हणजे केस सरळ बसतात. उलट कधीच सरकवू नकोस. छातीचा पट्टा आधी बांध, मग पोटाचे, शेवटी मागच्या पायांचे. काढताना क्रम उलटा. छातीचा पट्टा सुटा आणि मागचे बांधलेले असताना घोडा बिचकला तर झूल मागे सरकून पायांत गुंतते. पोटाच्या पट्ट्याखाली आडवा तळहात मावेल एवढी ढील ठेव. रोज झूल काढून खरारा कर आणि मानेच्या मुळाशी असलेला उंचवटा बघ. जखमेची सुरुवात तिथूनच होते.

फेरफटक्यानंतर घामेजलेल्या घोड्यावर जाड झूल टाकायची नाही. पाठीवर कोरडं गवत पसरून वर गोणपाट टाक. मधून हवा खेळते आणि घाम वाळतो.

पावसाळ्यात त्र्यंबक-इगतपुरीकडे घोडा ठेवणारे ताडपत्री पांघरतात. ते फार चुकीचं आहे. आतली वाफ बाहेर जात नाही, कातडी भिजत राहते आणि पाठीवर खपल्यांसह केसांचे पुंजके निघू लागतात. हवा खेळणारी, बिनभरणाची पावसाळी झूल घे, तीही अंग पुसून कोरडं केल्यावरच घाल. त्याहून बरं म्हणजे पक्कं छप्पर.

पावसाळ्यात आणि ऑक्टोबरात दिवस मावळताना चिलटं उठतात. तेव्हा पांढरी जाळीची झूल उपयोगी. चावणाऱ्या मोठ्या माशांपासूनही ती थोडं राखते आणि त्याच माशा सर्रा हा रक्तातला रोग पसरवतात, हे लक्षात ठेव. ताप येऊन-जाऊन होत असेल, पाय सुजले असतील तर झुलीचा विचार सोड आणि डॉक्टरांना बोलाव. मार्च ते मे भरणाची झूल नकोच. सावली आणि पाणी बघ.

झूल शिवायला टाकण्याआधी छातीच्या मध्यापासून खांद्यावरून मांडीच्या मागच्या कडेपर्यंत टेप लाव आणि ते माप मला कळव.