पगार क्लबचा, पेशंट खेळाडू

प्रश्न : मी सांगलीची. फिजिओथेरपीची इंटर्नशिप सुरू आहे. डॅलसला राहणाऱ्या आतेभावामुळे अमेरिकन फुटबॉलची, त्यातल्या एनएफएल या व्यावसायिक लीगची गोडी लागली. बफेलो बिल्स संघाचा डमार हॅमलिन मैदानातच कोसळला तेव्हा त्याला सीपीआर (छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवणं) देणाऱ्या ट्रेनरबद्दल, म्हणजे खेळाडूंच्या दुखापती बघणाऱ्या माणसाबद्दल वाचलं आणि ठरवलं, आपल्याला हेच करायचंय. आतेभाऊ म्हणतो, "ती लीग एक नंबरची ढोंगी आहे. पोरांची डोकी फोडते आणि वर सेफ्टीच्या गप्पा मारते. तू जाऊन त्याच ढोंगावर शिक्का मारणार." बाबा कर्ज काढायला तयार आहेत, पण मनातून घाबरलेत. मॅडम, एनएफएलमध्ये नोकरी मिळू शकते का? आणि मिळाली तर करावी का?

उत्तर : तुझा आतेभाऊ खरं बोलतोय, पण अर्धंच. उरलेलं अर्धं तुझ्या कामाचं आहे.

आधी त्याचं अर्धं. १९९४ साली लीगने मेंदूच्या दुखापतींचा अभ्यास करायला समिती नेमली आणि तिच्या अध्यक्षपदी बसवले डॉ. इलियट पेलमन. ते संधिवाताचे डॉक्टर, शिवाय न्यूयॉर्क जेट्स संघाचे टीम डॉक्टर. मेंदूच्या समितीवर सांध्यांचा माणूस! पुढे २००२ मध्ये पिट्सबर्ग स्टीलर्स संघाचा जुना खेळाडू माइक वेब्स्टर वयाच्या पन्नासाव्या वर्षी गेला. डॉ. बेनेट ओमालू यांनी त्याचा मेंदू तपासला आणि त्यात सीटीई सापडला. डोक्याला वर्षानुवर्षं बसणाऱ्या दणक्यांमुळे मेंदूत टाउ नावाचं प्रथिन साचत जातं, तो हा आजार. स्मृती जाते, स्वभाव बदलतो, आणि खात्रीचं निदान आजही माणूस गेल्यावरच होतं. ओमालूंचा निबंध २००५ मध्ये छापून आला, तर लीगच्या समितीतल्या डॉक्टरांनी तो मागे घ्या म्हणून संपादकांना पत्र लिहिलं. फुटबॉलचा आणि सीटीईचा संबंध आहे हे लीगच्या आरोग्य विभागाच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने अमेरिकी संसदेच्या समितीपुढे कबूल केलं ते २०१६ मध्ये, म्हणजे वेब्स्टर गेल्यानंतर चौदा वर्षांनी.

२०१७ चा एक आकडा आतेभाऊ तुला नक्की ऐकवेल : बोस्टन विद्यापीठाने एनएफएल खेळाडूंचे १११ मेंदू तपासले, त्यातल्या ११० मध्ये सीटीई निघाला. आकडा खरा आहे. पण तू वैद्यकीय क्षेत्रातली आहेस, म्हणून हेही लक्षात घे की ते मेंदू कुटुंबीयांनी दान केलेले होते आणि ज्यांना घरात त्रास दिसला होता तीच कुटुंबं बहुधा पुढे आली. त्यामुळे 'शंभरातल्या नव्याण्णवांना होतो' असं त्यावरून म्हणता येत नाही. खुद्द संशोधकांनीही ते तसं म्हटलेलं नाही.

ढोंगाचा माझ्या मते सगळ्यात बोलका नमुना २०१० चा आहे. स्टीलर्सच्या जेम्स हॅरिसनने क्लीव्हलंडच्या मोहम्मद मॅसाक्वॉयला डोक्यात जबर धडक दिली. लीगने त्याला ७५ हजार डॉलर दंड ठोकला. आणि त्याच वेळी लीगच्या वेबसाइटवर त्याच धडकेचा फोटो विक्रीला होता. बोंब झाल्यावर काढला.

कृत्रिम गवताचंही तेच. दुखापती टाळायला खरं गवत द्या म्हणून खेळाडूंची संघटना घसा कोरडा करतेय. निम्मी स्टेडियम तरी कृत्रिम टर्फवरच आहेत, कारण टर्फवर दोन-दोन संघ खेळवता येतात, मैफली करता येतात. पण २०२६ च्या विश्वचषकासाठी फिफाने नैसर्गिक गवताची अट घातल्यावर त्याच स्टेडियमच्या मालकांनी मुकाट्याने मान डोलावली. पाहुण्यांना गवत, घरच्यांना प्लास्टिक.

आता उरलेलं अर्धं. २ जानेवारी २०२३ च्या रात्री सिनसिनाटीत हॅमलिन एक टॅकल करून (समोरच्याला धरून पाडून) उठला आणि दोन पावलांत मागे कोसळला. छातीवर नेमक्या वाईट क्षणी मार बसून त्याचं हृदय थांबलं होतं. बफेलो बिल्सचे सहायक ॲथलेटिक ट्रेनर डेनी केलिंग्टन यांनी सीपीआर दिला, मैदानातच शॉक दिला गेला, ॲम्ब्युलन्स आत आली. हॅमलिन वाचला आणि पुढच्याच हंगामात परत खेळला. हा निव्वळ योगायोग नव्हता. एनएफएलच्या प्रत्येक सामन्याआधी एक तास दोन्ही संघांचे डॉक्टर, ट्रेनर आणि ॲम्ब्युलन्सची माणसं भेटतात : कोण कुठे उभं राहणार, श्वासनलिकेत नळी घालायची वेळ आली तर कोण घालणार, कोणत्या ट्रॉमा सेंटरला न्यायचं, सगळं नावानिशी ठरतं. ढोंगी म्हटल्या जाणाऱ्या त्याच लीगने ही व्यवस्था उभी केली आहे आणि ती खणखणीत आहे.

मग दोन्ही खरं कसं? माझं वाचन असं : सुरक्षेसाठी नुसती माणसं आणि यंत्रं लागतात तिथे लीगचा हात सढळ असतो. पण सुरक्षेपायी वेळापत्रक, टीव्हीचा करार किंवा मोहरा खेळाडू सोडावा लागतो, तिथे तोच हात आखडतो. २०२१ मध्ये सोळाचे सतरा सामने झाले. गुरुवारचा सामना अ‍ॅमेझॉनला वर्षाला सुमारे एक अब्ज डॉलरला विकला गेला. रविवारी खेळलेल्या माणसाला गुरुवारी पुन्हा उभं करायचं म्हणजे मध्ये मोजून तीन दिवस मिळतात.

तुआ टॅगोवायलोआचं प्रकरण तू पाहिलंच असशील, पण आता ते ट्रेनरच्या नजरेने परत बघ. २५ सप्टेंबर २०२२, रविवार. मायामीच्या या क्वार्टरबॅकचं (चढाईची सूत्रं हलवणाऱ्या, चेंडू फेकणाऱ्या खेळाडूचं) डोकं जमिनीवर आपटतं. तो उठतो, डोकं झटकतो, दोन-तीन पावलं पळतो आणि पाय लटपटून खाली जातो. सहकारी त्याला धरतात. तपासणी होते, कारण सांगितलं जातं पाठीचं, आणि दुसऱ्या सत्रात तो परत मैदानात. चार दिवसांनी, गुरुवारी, सिनसिनाटीत तो पुन्हा आदळतो. या वेळी हाताची बोटं वेडीवाकडी ताठरलेली, स्ट्रेचरवरून बाहेर. चौकशीत लीग आणि संघटना दोघांनी मिळून निष्कर्ष काढला की नियम लिहिला होता तसा पाळला गेला, फक्त परिणाम अपेक्षित तसा झाला नाही. त्या रविवारी तपासणाऱ्या स्वतंत्र न्यूरो तज्ज्ञाला खेळाडू संघटनेने आधीच काढून टाकलं होतं. मग नियम बदलला : तोल गेलेला दिसला की त्या दिवशी परत खेळायचं नाही, कारण काहीही सांगा. योगायोग बघ, सप्टेंबर २०२४ मध्ये तुआला पुन्हा कन्कशन (डोक्याच्या मारामुळे मेंदूला बसणारा हादरा) झालं, गुरुवारीच, आणि ज्याच्याशी टक्कर झाली तो खेळाडू हॅमलिन.

आता स्वतःला त्या रविवारच्या साइडलाइनवर उभी कर. ट्रेनरला पगार क्लबकडून मिळतो. कोच पाच फुटांवर आहे. आणि पेशंट स्वतःच तुला फसवायला बसलाय, हे फिजिओच्या वर्गात कुणी शिकवत नाही. एनएफएलमधले बहुतेक करार पूर्ण हमीचे नसतात. आज बाहेर बसला तर उद्या दुसरा त्याची जागा घेईल ही भीती प्रत्येकाला. पेटन मॅनिंगसारखा दिग्गज २०११ मध्ये एका मुलाखतीत बोलून गेला की हंगामाआधी मेंदूची जी चाचणी होते ती मी मुद्दामच वाईट देतो, म्हणजे नंतर मार बसला तरी फरक दिसत नाही. पुढे म्हणाला, गंमत केली. असेल. पण ड्रेसिंग रूममध्ये त्यावर कुणाला आश्चर्य वाटलं असेल असं मला तरी वाटत नाही.

'ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी' हा पेच तिथेही कुणाला कळत नाही असं नाही. २०१६ मध्ये हार्वर्डच्या अभ्यासगटाने सुचवलं होतं की खेळाडूवर उपचार करणारे डॉक्टर क्लबपासून वेगळे करा. क्लबला सल्ला द्यायला हवे तर दुसरे ठेवा. लीगने ते साफ नाकारलं. तेव्हा तुझा आतेभाऊ म्हणतो तो शिक्का खरोखरच कुणाच्या तरी हातात असतो. तो हात ट्रेनरचा, टीम डॉक्टरचा असतो. चांगली माणसं तिथे आहेत, केलिंग्टन आहेतच. पण त्यांच्या 'नाही'ला किती वजन, हे त्यांच्या हुशारीवर ठरत नाही. ते कुणाला रिपोर्ट करतात यावर ठरतं.

आता नोकरीचं. तुझ्या बीपीटीएच पदवीवर तिथे ॲथलेटिक ट्रेनर होता येत नाही. मान्यताप्राप्त संस्थेतून ॲथलेटिक ट्रेनिंगमधली मास्टर्स करावी लागते, साधारण दोन वर्षांची. मग ट्रेनरना प्रमाणपत्र देणाऱ्या बीओसी या मंडळाची परीक्षा, मग त्या त्या राज्याचं लायसन्स. फिजिओ म्हणूनच जायचं असेल तर रस्ता वेगळा : पदवीचं मूल्यांकन आणि एनपीटीई ही तिथली फिजिओंची परीक्षा. दोन्हींची सरमिसळ करू नकोस. एजंट लोक हमखास करतात. ट्रेनरचा सरासरी पगार वर्षाला ६० हजार डॉलरच्या आसपास असतो. कर्जाचा हप्ता त्या आकड्यावर काढायचा, खेळाडूंच्या आकड्यांवर नाही. आणि एनएफएलचे संघ ३२. प्रत्येकाकडे ट्रेनर मूठभर. एकेका जागेसाठी कॉलेज फुटबॉलमध्ये वर्षानुवर्षं घासलेली माणसं रांगेत.

अशक्य आहे का? नाही. अरिको इसो नावाची मुलगी टोकियोहून अमेरिकेत शिकायला गेली, कॉलेजच्या संघांबरोबर काम केलं आणि २००२ मध्ये पिट्सबर्ग स्टीलर्सने तिला घेतलं. एनएफएलमधली पहिली पूर्णवेळ महिला ॲथलेटिक ट्रेनर. वेब्स्टर गेला त्याच वर्षी, त्याच्याच जुन्या संघात. जवळपास दहा हंगाम तिथे काढून २०११ मध्ये ती ओरेगन स्टेटला, आपल्या जुन्या विद्यापीठात परतली. तिचा हा परतीचा टप्पा मला जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि तुझा पहिला मुक्काम तसाच, विद्यापीठात किंवा शाळेत असावा असं माझं स्पष्ट मत आहे.

कारणं दोन. एक व्हिसाचं : विद्यापीठांना एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसासाठी लॉटरीची मर्यादा नाही, क्लबला आहे. (व्हिसाचे नियम सतत बदलतात, अर्ज करताना ताजे बघ.) दुसरं, तुझ्या 'नाही'च्या वजनाचं, आणि ते शाळांना लागू. शाळकरी खेळाडूंसाठी २००९ मध्ये वॉशिंग्टन राज्याने झॅकरी लिस्टेड या मुलाच्या नावाने कायदा केला. तेरा वर्षांचा असताना डोक्याला मार लागूनही तो परत मैदानात गेला आणि कायमचा अपंग झाला. कायदा म्हणतो, कन्कशनचा संशय आला की मुलगा बाहेर, आणि अधिकृत वैद्यकीय व्यक्तीच्या लेखी परवानगीशिवाय परत नाही. २०१४ पर्यंत सगळ्या ५० राज्यांत असे कायदे झाले. गंमत म्हणजे त्यासाठी राज्याराज्यांत पाठपुरावा करणाऱ्यांत खुद्द एनएफएल होती. शाळेत तू नाही म्हणालीस तर कोचला कायदा आडवा येतो. आणि अमेरिकेतल्या कितीतरी शाळांमध्ये ट्रेनरच नाही, म्हणजे तिथे तुझ्यासारखीची गरज आधी आहे. एनएफएल त्यानंतरही कुठे जात नाही.

करावी का, हे मी ठरवणार नाही. पण सगळे शहाणे लोक ढोंग बघून लांब राहिले, तर साइडलाइनवर कोण उरेल याचा विचार आतेभावाने केलेला दिसत नाही.

सध्या इंटर्नशिपमध्ये हे कर : बीएलएसचं (बेसिक लाइफ सपोर्ट, म्हणजे जीव वाचवण्याच्या पहिल्या उपचारांचं) प्रमाणपत्र घे, नुसता कागद नको, हात बसला पाहिजे. जिल्ह्यातल्या कबड्डी स्पर्धांना मैदानावर ड्युटी मागून घे. माती असो वा मॅट, डोकं आपटलेला रेडर 'काही नाही झालं मॅडम' म्हणत उठतो आणि मागून अख्खा संघ ओरडत असतो, तेव्हा त्याला बसवायला जमतं का, हे तुलाच कळेल. नाही जमलं तर ते आत्ताच कळलेलं बरं.

विद्यापीठांच्या ऑनलाइन मुलाखतीत शेवटी "काही विचारायचंय?" असं म्हणतात, तेव्हा शिष्यवृत्तीचं विचारून झालं की एवढंच विचार : तुमचा मुख्य ॲथलेटिक ट्रेनर कुणाला रिपोर्ट करतो, मेडिकल डायरेक्टरला की हेड कोचला? उत्तर देताना ते घुटमळले तर ते नाव यादीत खाली टाक. अशी चार-पाच उत्तरं आणि प्रत्येक ठिकाणचा दोन वर्षांचा खर्च समोर मांडून मगच बाबांबरोबर बँकेत जा. तोवर कर्जाच्या कागदावर सही नको, असं त्यांना माझ्या नावाने सांगितलंस तरी चालेल.