वाचकांचे प्रश्न : नवा गेम आणि जुना संगणक

प्रश्न : आमच्या घरी काही वर्षांपूर्वी असेंबल करून घेतलेला संगणक आहे. त्यात रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी डीडीआर४ रॅम, जीटीएक्स १०६० हे ६ जीबीचे ग्राफिक्स कार्ड आणि १ टीबीची हार्ड डिस्क असून मॉनिटर २४ इंची, फुल एचडी आहे. मुलाला ‘डूम : द डार्क एजेस’ हा गेम खेळायचा आहे. दुकानदार म्हणतात की हा संगणक काढून टाका आणि सगळेच नवे घ्या. खरोखर सगळे बदलावे लागेल का? — एक पालक, अकोला

उत्तर : सगळे बदलावे लागणार नाही. परंतु ग्राफिक्स कार्ड बदलल्याखेरीज हा गेम सुरूच होणार नाही, हेही तितकेच खरे आहे. गेमसोबत हार्डवेअरच्या अटींची जी यादी प्रसिद्ध होते, तिच्यात दोन वेगळ्या जातींच्या अटी एकाखाली एक लिहिलेल्या असतात. काही अटी पूर्ण झाल्या नाहीत तर गेम संथ चालतो, चित्र अडखळते, पण खेळता येते. काही अटी पूर्ण झाल्या नाहीत तर गेम उघडतच नाही. पैसे आधी या दुसऱ्या जातीच्या अटींवर खर्च करावेत आणि पहिल्या जातीच्या अटींचा विचार गेम प्रत्यक्ष चालवून पाहिल्यावर करावा.

मे २०२५मध्ये आलेल्या या गेमची अशी कडक अट म्हणजे रे ट्रेसिंग, अर्थात प्रकाशकिरणांचा मार्ग मोजून उजेड आणि सावली दाखवण्याची पद्धत. आधीच्या बहुतेक गेममध्ये ही सोय ऐच्छिक असे आणि कार्ड जुने असेल तर ती बंद करून खेळता येत असे. त्या जुन्या पद्धतीत प्रत्येक दालनातला उजेड आणि सावली निर्मात्यांच्या संगणकांवर आधीच मोजून गेमच्या फाइलींमध्ये साठवली जाते. डूमच्या या भागात मात्र प्रकाशाचा हा हिशेब खेळ चालू असताना, खेळणाऱ्याच्याच कार्डावर होतो. त्यामुळे सेटिंग्ज कितीही खाली आणल्या तरी रे ट्रेसिंग पूर्णपणे बंद करता येत नाही. आपले जीटीएक्स १०६० हे २०१६चे कार्ड आहे. रे ट्रेसिंगसाठी लागणारे स्वतंत्र भाग एनव्हिडियाने आरटीएक्स २० मालिकेपासून, म्हणजे २०१८पासून, आणि एएमडीने आरएक्स ६००० मालिकेपासून, म्हणजे २०२०पासून, आपल्या गेमिंग कार्डांमध्ये बसवायला सुरुवात केली.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काय किंवा आपल्या गावातल्या सेकंड हँड बाजारात काय, हा तपशील ठाऊक नसलेला ग्राहक हमखास फसतो. जीटीएक्स १०८० टीआय हे ११ जीबीचे, त्याच्या काळातले अत्यंत जोरकस कार्ड तिथे स्वस्तात मिळू शकते; आरएक्स ५७०० एक्सटी आणि जीटीएक्स १६६० सुपर हीसुद्धा मिळतात. इतर अनेक गेममध्ये ही कार्डे अजूनही उत्तम काम देतात, पण त्यांच्यात रे ट्रेसिंगचे भाग नसल्यामुळे या गेमसाठी त्यांचा काहीही उपयोग नाही. तीच गत ६ जीबीच्या आरटीएक्स २०६०ची. त्यात रे ट्रेसिंग आहे, परंतु गेमच्या अटीत कार्डाची स्वतःची मेमरी किमान ८ जीबी मागितली असल्यामुळे ते यादीत बसत नाही.

आता किमान अटी पाहू. ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स २०६० सुपर किंवा आरएक्स ६६०० यांच्या तोडीचे, रॅम १६ जीबी, प्रोसेसर ८ कोर (गणना करणारे भाग) आणि १६ थ्रेडचा (एकाच वेळी चालणारी कामे), आणि एनव्हीएमई या वेगवान प्रकारच्या एसएसडीवर (हार्ड डिस्कच्या जागी येणाऱ्या साठवणुकीवर) १०० जीबी मोकळी जागा, अशी ही मागणी आहे. तिच्यासोबतची बारीक अक्षरातली ओळ सर्वांत महत्त्वाची, कारण एवढे हार्डवेअर असेल तर काय मिळेल हे तिथे लिहिलेले असते: फुल एचडी पडदा, सर्वांत खालच्या सेटिंग्ज आणि सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रे. शिफारस केलेल्या यादीत आरटीएक्स ३०८० किंवा आरएक्स ६८०० आणि ३२ जीबी रॅम सांगितली आहे, पण ती १४४०पी, म्हणजे फुल एचडीहून जास्त पिक्सेलच्या, पडद्यासाठी आणि उच्च सेटिंग्जसाठी. फुल एचडी पडद्यावर सुमारे २० लाख ७३ हजार पिक्सेल असतात, १४४०पी पडद्यावर सुमारे ३६ लाख ८६ हजार. ६० फ्रेमचा वेग ठेवायचा तर कार्डाला हे सगळे पिक्सेल साधारण १७ मिलिसेकंदांत एकदा रंगवावे लागतात. आपला मॉनिटर फुल एचडी असल्यामुळे शिफारशीच्या यादीतले मोठे आकडे आपल्याला लागू होत नाहीत, आणि हा मॉनिटर बदलू नये असेच मी सुचवेन.

ही बारीक ओळ प्रत्येक गेमच्या बाबतीत वाचावी. फेब्रुवारी २०२५मध्ये आलेल्या ‘मॉन्स्टर हंटर वाइल्ड्स’च्या शिफारस यादीतही फुल एचडीवर ६० फ्रेम असेच लिहिले आहे, पण फ्रेम जनरेशन चालू ठेवून. म्हणजे त्यातल्या काही फ्रेम गेमने काढलेल्या नसून दोन फ्रेमच्या मध्ये कार्डाने तयार करून घातलेल्या असतात. चित्र त्यामुळे सफाईदार दिसते, परंतु कळ दाबल्यापासून परिणाम दिसेपर्यंतचा वेळ कमी होत नाही. डूमसारख्या झटपट प्रतिसाद मागणाऱ्या खेळात हा फरक बोटांना जाणवतो.

आपल्या मदरबोर्डचा विचार करता कार्ड निवडताना एक गोष्ट अधिक पाहावी लागेल. बी४५० बोर्ड पीसीआय एक्सप्रेसच्या, म्हणजे कार्ड आणि बोर्ड यांच्यातल्या जोडणीच्या, तिसऱ्या पिढीचा आहे, तर आजची अनेक मध्यम किमतीची कार्डे, उदाहरणार्थ आरटीएक्स ५०६० किंवा आरएक्स ६६००, बोर्डाशी १६ऐवजी ८ लेननेच (डेटाच्या वाटांनीच) जोडली जातात. नव्या बोर्डावर हे खपून जाते. जुन्या बोर्डावर मात्र कार्डाची ८ जीबी मेमरी भरली आणि डेटा रॅममधून आणायची वेळ आली की हा अरुंद मार्ग आड येतो. त्यामुळे अंदाजपत्रक परवानगी देत असेल तर १६ जीबीचे आरएक्स ९०६० एक्सटी ही माझी पहिली पसंती राहील. ते १६ लेनचे आहे आणि मेमरीही मुबलक आहे. हात आखडता असेल तर आरटीएक्स ३०६०ची १२ जीबीची आवृत्ती पाहावी. या दोन्ही कार्डांच्या ८ जीबीच्याही आवृत्त्या जवळजवळ त्याच नावाने निघाल्या आहेत, म्हणून बिलावर जीबीचा आकडा लिहून घ्यावा. बिल पक्केच घ्यावे; पुढे वॉरंटीचा प्रश्न आला की ते आणि कार्डावरचा सीरियल नंबर हीच दोन साधने हातात असतात.

प्रोसेसर मात्र लगेच बदलू नये. आपला रायझन ५ २६०० हा ६ कोर आणि १२ थ्रेडचा असल्यामुळे किमान अटीत बसत नाही, पण कोरची ही अट पहिल्या जातीची, म्हणजे वेगाशी संबंधित आहे. नवे कार्ड बसवून गेम चालवून पाहावा, आणि गर्दीच्या लढायांत वेग फारच पडत असेल तर त्याच बोर्डावर रायझन ७ ५७००एक्स बसवावा. एएम४ सॉकेटची, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसवायच्या जागेची, हीच थोरवी आहे: २०१८च्या बोर्डावर २०२२चा प्रोसेसर बसतो, आणि हा प्रोसेसर तर गेमच्या शिफारस यादीत नावानिशी आला आहे. त्यासाठी बायोस, म्हणजे बोर्डावरचे मूळ सॉफ्टवेअर, आधी अद्ययावत करावे लागते आणि ते काम जुना प्रोसेसर जागेवर असतानाच करायचे असते. ते चालू असताना वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो, तेव्हा त्या दहा मिनिटांपुरता तरी संगणक यूपीएसवर असू द्यावा. ५७००एक्सच्या खोक्यात कूलर येत नाही. अकोल्याचा मे महिना लक्षात घेता २६००सोबत आलेल्या छोट्या कूलरवर विसंबण्यापेक्षा उभा, मोठा कूलर घेतलेला बरा.

रॅमला हात लावू नये. २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव बेसुमार चढले आहेत, आणि संपूर्ण नवा संगणक घ्यायचा म्हणजे बोर्डासोबत डीडीआर५ रॅमही घेणे ओघाने आलेच. दुकानदारांच्या सल्ल्यात लबाडी असेलच असे नाही. जुन्या संगणकात एक भाग बदलला की पुढच्या प्रत्येक तक्रारीसाठी ग्राहक त्यांच्याकडेच येतो, हा त्यांचा अनुभव असतो. एसएसडी मात्र घ्यावाच लागेल. तो घेताना एम.२ आकाराचे सगळेच एसएसडी एनव्हीएमई नसतात, त्याच आकारात साटा या संथ प्रकारचेही मिळतात, हे ध्यानात ठेवावे.

राहिला एसएमपीएस, म्हणजे संगणकातल्या भागांना वीज पुरवणारा डबा. आपण त्याचा उल्लेख केलेला नाही. कॅबिनेटसोबत फुकट आलेला असेल तर त्यावर ४५० वॅट लिहिलेले असले तरी नवे कार्ड त्याच्या भरवशावर लावू नये; नामांकित कंपनीचा ५५० वॅटचा एसएमपीएस घ्यावा. खेळ चालू असताना हा संगणक साधारण ३०० वॅट खेचेल, त्यात मॉनिटर वेगळा. घरोघरी असणारा ६०० व्हीएचा यूपीएस सुमारे ३६० वॅटच देऊ शकतो, म्हणून वीज गेल्यावर त्यावर खेळ चालू ठेवण्याची अपेक्षा बाळगू नये. गेम सेव्ह करून संगणक बंद करण्यापुरताच त्याचा उपयोग. गेम स्टीमवर घेतला तर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि एकूण दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असताना पैसे परत मागता येतात. नवे कार्ड बसवल्यावरच गेम घ्यावा आणि त्या दोन तासांत प्रोसेसरचा निर्णय करावा.

प्रश्न : मी अभियांत्रिकीची विद्यार्थिनी आहे. वसतिगृहात डेस्कटॉप ठेवणे शक्य नसल्याने लॅपटॉप घेणार आहे. आरटीएक्स ४०६० असलेले दोन लॅपटॉप पाहिले, दोन्हींच्या किमतीत बराच फरक आहे. कार्ड तेच असेल तर स्वस्तातला घ्यायला काय हरकत आहे? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : कार्डाचे नाव तेच असले तरी त्याला मिळणारी वीज तीच नसते. लॅपटॉपमधले आरटीएक्स ४०६० हे ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कोणत्याही मर्यादेवर बसवण्याची मुभा लॅपटॉपच्या कंपन्यांना आहे, आणि सडपातळ लॅपटॉपमध्ये ही मर्यादा बहुधा खालची असते. कमी वॅटचे ४०६० हे पूर्ण वॅट मिळालेल्या ४०५०च्याही मागे पडू शकते. ही मर्यादा टीजीपी या नावाने तपशीलपत्रकात दिलेली असते. दुकानात फलकावर नसेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर त्या नेमक्या मॉडेल क्रमांकाखाली शोधावी, आणि तिथेही सापडली नाही तर तो लॅपटॉप सोडून द्यावा.

दुसरी बाब मेमरीची. ४०५०मध्ये ६ जीबी आणि ४०६०मध्ये ८ जीबी मेमरी असते, आणि वरच्या उत्तरात आलेल्या गेमप्रमाणे किमान ८ जीबी मागणारे गेम आता येऊ लागले आहेत. लॅपटॉपचे कार्ड नंतर बदलता येत नाही, त्यामुळे ६ जीबीचा लॅपटॉप चार वर्षांच्या हिशेबाने घेऊ नये. रॅमची १६ जीबीची एकच पट्टी असेल तर वेग घटतो, ८-८च्या दोन असाव्यात. रॅम बोर्डावरच डकवलेली, म्हणजे पुढे बदलता न येणारी, नाही ना, हेही विचारून घ्यावे.

प्रश्न : ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ६’ साठी आतापासून संगणक तयार ठेवायचा आहे. कोणते कार्ड घेऊ? — एक वाचक, ठाणे

उत्तर : कोणतेही नको. हा गेम जाहीर झाला तो प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज या कन्सोलसाठी. याच मालिकेचा पाचवा भाग कन्सोलवर सप्टेंबर २०१३मध्ये आला आणि संगणकावर यायला एप्रिल २०१५ उजाडले. ज्या गेमची संगणकासाठीची अटींची यादीच प्रसिद्ध झालेली नाही, त्याच्यासाठी आज कार्ड घेणे म्हणजे कपाटात ठेवून त्याची वॉरंटी संपवणे होय.

प्रश्न : माझ्याकडे आय५-१०४०० प्रोसेसर, आरटीएक्स ३०६० कार्ड आणि १६ जीबी रॅम आहे. ‘बॅटलफील्ड ६’च्या किमान अटीत हे सगळे बसते, तरीही सिक्युअर बूट नसल्याचा संदेश येऊन गेम बंद होतो. मदरबोर्ड बदलावा लागेल का? — एक वाचक, पणजी

उत्तर : बहुधा एक रुपयाही खर्च करावा लागणार नाही. या गेमची फसवणूकविरोधी यंत्रणा सिक्युअर बूट (संगणक सुरू होताना फक्त विश्वासार्ह सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) चालू असल्याशिवाय खेळू देत नाही, आणि ही सोय आपल्या पिढीच्या बोर्डांमध्ये असते. ती केवळ बंद असते. विंडोजमधील सिस्टिम इन्फर्मेशन उघडून ‘बायोस मोड’ या ओळीत काय आहे ते पाहावे. तिथे यूईएफआय असेल तर बायोसमध्ये जाऊन सीएसएम (जुन्या पद्धतीने संगणक सुरू करण्याची सोय) बंद आणि सिक्युअर बूट चालू करणे एवढेच काम उरते. तिथे लेगसी असेल तर घाई करू नये, कारण अशा वेळी डिस्कची मांडणी जुन्या एमबीआर पद्धतीची असते आणि सीएसएम बंद करताच विंडोज सुरू होणे थांबते. आधी महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी, विंडोजसोबतच येणाऱ्या एमबीआर२जीपीटी या आज्ञेने मांडणी बदलून घ्यावी आणि मगच बायोसकडे वळावे. डिस्कवर बिटलॉकर (विंडोजची डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवावी, कारण हे बदल केल्यावर संगणक ती मागण्याची शक्यता असते.