दारू प्यायल्याने सांधेदुखी वाढते का?

वाढते, पण किती ते तुमचा संधिवात कोणता त्यावर आहे. गाऊट असेल तर दारू सरळ बंदच करा, कारण दारूमुळे शरीरात युरिक अ‍ॅसिड जास्त तयार होतं आणि किडनी ते नीट बाहेर टाकत नाही, मग त्याचे सुईसारखे बारीक खडे सांध्यात साचतात. बिअरमध्ये वर प्युरिनही असतं, ज्यापासून शरीरात युरिक अ‍ॅसिड बनतं, म्हणून ती जास्तच वाईट, पण वाईन चालते असं समजू नका, तिनेही गाऊटचा अटॅक येतो. रात्री झोपेतून जाग येते, पायाचा अंगठा लालबुंद, टम्म सुजलेला, आणि साधी चादर टेकली तरी जीव जातो, ज्याने हे भोगलंय त्यालाच कळतं.

गुडघे झिजल्याचं दुखणं असेल तर संबंध एवढा थेट नाही. पण गोळ्या चालू असतील तर खरी काळजी तिथे आहे हो! आमवातासाठी मेथोट्रेक्सेट घेत असाल तर लिव्हरवर दुहेरी मार बसतो, आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक या दुखण्यावरच्या गोळ्यांसोबत दारू घेतली तर पोटात अल्सर होऊन रक्तस्राव होऊ शकतो. डॉक्टरांना किती पिता ते खरं सांगा, लाजू नका, त्यावरच ते औषध ठरवतात.