बंद हायब्रिड गाडी घरी तपासताना : वाचकांचे प्रश्न

जुनी हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्हींवर चालणारी गाडी बंद अवस्थेत स्वस्तात मिळतेय, घ्यावी का, घरी चालू करता येईल का, अशा पत्रांतली काही निवडून उत्तरं देत आहोत. सगळीकडे क्रम एकच धरला आहे : आधी १२ व्होल्टची छोटी बॅटरी, मग स्कॅनरवरचे कोड (कॉम्प्युटरनं नोंदलेले बिघाडाचे क्रमांक), मग पंखा-पंप आणि मोटरला वीज देणारी मोठी बॅटरी सगळ्यात शेवटी. बहुतेकांचे पैसे वाया जातात ते हा क्रम उलटा केल्यामुळे.

प्रश्न : कोल्हापूरला २०११ ची टोयोटा प्रियस बघितली. आठ महिने पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे. बटण दाबलं की मीटरवरचे दिवे मिणमिणतात, आतून टकटक आवाज येतो, बाकी काही नाही. मालक म्हणतात मोठी बॅटरी गेली, म्हणून कमी भावात देतोय. सुरुवात कुठून करू? – एक वाचक, निपाणी

उत्तर : तुम्ही लिहिलेली लक्षणं मोठ्या बॅटरीची नाहीत. मिणमिणते दिवे आणि रिलेची (विजेवर चालणाऱ्या स्विचची) टकटक म्हणजे १२ व्होल्टची बॅटरी उतरली आहे. गाडी बंद असली तरी चावीचा रिसीव्हर आणि आतले कॉम्प्युटर थोडा थोडा करंट घेत राहतात, आणि आठ महिन्यांत छोटी बॅटरी रिकामी होते. मोठ्या बॅटरीला गाडीशी जोडणारे मुख्य रिले याच १२ व्होल्टवर ओढले जातात. ते ओढले गेले नाहीत, तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी मेलेलीच दिसणार.

या प्रियसची छोटी बॅटरी डिकीत उजव्या कोपऱ्यात असते आणि डिकीचं कुलूप विजेवर उघडतं. त्यामुळे स्मार्ट चावीच्या आतली लोखंडी चावी काढून चालकाचं दार उघडा, बॉनेट उघडा आणि फ्यूज बॉक्सचं झाकण काढा. आत लाल टोपीखाली जंपचं टर्मिनल आहे. दुसऱ्या १२ व्होल्ट बॅटरीचा प्लस त्याला लावा आणि मायनस इंजिनच्या उघड्या धातूला. प्लस-मायनस उलटं झालं तर मोठा फ्यूज जातो, कधी त्यामागचा कन्व्हर्टरही (मोठ्या बॅटरीची वीज १२ व्होल्टसाठी उतरवणारा) जातो, आणि मग स्वस्त गाडी स्वस्त राहत नाही. वायर लावण्याआधी खुणा दोनदा बघा. आता डिकी उघडेल.

मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून छोटी बॅटरी मोजा. १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, ११.८ च्या खाली रिकामी. इतके दिवस उभ्या असलेल्या गाडीत ५-६ व्होल्टही दिसतात. ४ ते ५ अँपिअरच्या चार्जरवर रात्रभर ठेवा. बॅटरीच्या दुकानातल्या मोठ्या फास्ट चार्जरला लावू नका, ही एजीएम (आम्ल काचेच्या तंतूंत शोषून ठेवलेली, बंद) बॅटरी आहे, ती तापून खराब होते. चार्जर काढल्यावर चार-पाच तासांनी पुन्हा मोजा. १२.४ च्या खाली उतरली असेल तर नवी घ्या, तीही एजीएमच. साधी पाण्याची बॅटरी मापात बसली तरी इथे नको, कारण ती प्रवाशांच्या हवेत बसते. एजीएमलासुद्धा वायू बाहेर सोडायची बारीक नळी असते, ती पुन्हा जोडायला विसरू नका. बॅटरी सोडवलेली असेपर्यंत डिकी लावू नका, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून.

मग ब्रेकवर पाय ठेवून बटण दाबा. मीटरवर ‘रेडी’ आलं की गाडी चालू आहे, इंजिनचा आवाज आला नाही तरी. या गाडीत अल्टरनेटर नसतो, मोठ्या बॅटरीतूनच छोटी चार्ज होते. ‘रेडी’ असताना छोट्या बॅटरीवर १४ च्या आसपास व्होल्ट दिसले म्हणजे कन्व्हर्टरही ठीक आहे. ‘रेडी’ आलं नाही तर ब्रेक न दाबता दोनदा बटण दाबून इग्निशन ऑन करा आणि कोड वाचा. छोटी बॅटरी उतरलेली असताना साठलेले कोड फसवे असतात. ते लिहून ठेवा, पुसा आणि जे परत येतील तेवढेच खरे माना.

आणखी एक. ही गाडी ढकलून चालू होत नाही आणि पुढची चाकं जमिनीवर ठेवून टोचन लावायचं नाही. चाकं फिरली की आतली मोटर फिरते आणि वीज तयार करते. निपाणीला आणायची तर सपाट ट्रेलरवर आणा, किंवा पुढची चाकं उचलून.

प्रश्न : २०१३ ची कॅमरी हायब्रिड. स्कॅनरवर पी०ए८० कोड येतोय. गॅरेजवाले म्हणतात पूर्ण बॅटरी बदला. मुलगा म्हणतो एक-दोन सेल बदलून भागतं. कोणाचं ऐकू? – एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : आकडे बघितल्याशिवाय दोघांचंही ऐकू नका. पी०ए८० म्हणजे बॅटरीच्या ब्लॉकच्या, म्हणजे सेलच्या गटांच्या, व्होल्टमध्ये तफावत पडली, एवढंच. तफावत कुठे, किती आणि का, हे कोड सांगत नाही. साध्या स्कॅनरवर ब्लॉकचे व्होल्ट दिसत नाहीत. ब्लूटूथचा ओबीडी अडॅप्टर (गाडीच्या तपासणी सॉकेटमध्ये बसणारा) आणि फोनवर ‘डॉक्टर प्रियस’सारखं ॲप घ्या, ते कॅमरीलाही चालतं.

कॅमरीच्या पॅकमध्ये, म्हणजे मोठ्या बॅटरीत, निकेल-मेटल हायड्राइडचे ३४ मॉड्यूल आहेत, प्रत्येकी सहा सेलचे, ७.२ व्होल्टचे, म्हणजे एकूण २४४.८ व्होल्ट. कॉम्प्युटर दोन-दोनची जोडी धरून १७ ब्लॉक मोजतो. एकानं गाडी चालवावी, दुसऱ्यानं शेजारी बसून आकडे बघावेत, चढावर जोर देताना आणि उतारावर चार्ज होताना. सगळे ब्लॉक ०.३ व्होल्टच्या आत एकत्र वरखाली होत असतील तर पॅक बरा आहे. जोर दिला की एखादाच ब्लॉक १ व्होल्ट किंवा जास्त खाली पडतो आणि चार्ज होताना सगळ्यांच्या आधी वर जातो, तो ब्लॉक दुबळा. गाडी उभी असतानाही एखादा कायम सव्वा व्होल्ट मागे असेल तर त्यातला एक सेल मेला आहे, कारण एक सेल म्हणजे १.२ व्होल्ट. पण शेजारशेजारच्या दोन ब्लॉकपैकी एक फार वर आणि दुसरा तेवढाच खाली, किंवा आकडे उगाच उड्या मारतात, असं दिसलं तर सेलवर संशय घेण्याआधी तांब्याच्या पट्ट्यांवरचा आणि व्होल्ट मोजणाऱ्या वायरींवरचा हिरवा गंज बघा. आपल्याकडच्या पावसाळ्यात हे फार होतं आणि पॅक ‘गेला’ म्हणून विकला जातो.

त्याआधी बॅटरीचा पंखा साफ करा. मागच्या सीटजवळच्या जाळीतून तो केबिनमधली हवा ओढतो. जाळीवर सामान, उशी, कुत्र्याचे केस आणि आत पंख्याच्या पात्यांवर धुळीचा थर, एवढ्यानं बॅटरी तापते, आणि हे सेल उष्णतेनंच मरतात. नवा पॅक घालून पंखा तसाच ठेवला तर नवाही जाईल.

पॅक उघडण्याबद्दल स्पष्ट लिहितो. विजेच्या कामाची सवय नसेल तर उघडू नका, हायब्रिडचं प्रशिक्षण घेतलेला माणूस बोलवा. सवय असेल तर : गाडी बंद करा, चावी दूर ठेवा, छोट्या बॅटरीचा मायनस काढा. १००० व्होल्टचे, क्लास-० रबरी हातमोजे घाला. ते आधी हवा भरून तपासा, टाचणीएवढं भोक असेल तर फेकून द्या. अंगठी, घड्याळ, साखळी काढून ठेवा. नारिंगी सर्व्हिस प्लग (मोठ्या बॅटरीचं सर्किट तोडणारा) काढून खिशात ठेवा, म्हणजे दुसरं कोणी चुकून बसवणार नाही. इन्व्हर्टरमधले (बॅटरीची वीज मोटरला चालेल अशी करणाऱ्या यंत्रातले) वीज साठवणारे कपॅसिटर उतरायला निदान १० मिनिटं थांबा, मग ‘कॅट-३, १००० व्होल्ट’ छापलेल्या मीटरनं शून्य झाल्याची खात्री करा. एक गोष्ट लोक विसरतात : प्लग काढल्यानं बाहेरच्या केबल मोकळ्या होतात, पण पॅकच्या आत सेलचा दाब तसाच असतो. पट्ट्या निघेपर्यंत तिथे जीव जाण्याइतका करंट आहे. एकट्यानं हे काम करायचं नाही.

पट्ट्या निघाल्यावर प्रत्येक मॉड्यूल ७ व्होल्टचा सुटा डबा राहतो आणि काम सोपं होतं. हॉबी चार्जरवर (रिमोटच्या गाड्या-विमानांच्या बॅटरीसाठीचा) एक-एक मॉड्यूल भरा आणि ६ व्होल्टपर्यंत उतरवा, असं तीनदा. भरताना मॉड्यूल दोन फळ्यांत शिकंज्यानं आवळलेले हवेत, नाहीतर फुगतात आणि परत बसत नाहीत. नव्यात क्षमता ६.५ अँपिअर-तास असते. ५ च्या वर देणारे ठेवा, ४ च्या खालचे टाकून द्या. तांब्याच्या पट्ट्या बारीक पॉलिश पेपरनं चकचकीत करा. बसवताना मॉड्यूल आलटूनपालटून उलटसुलट येतात, म्हणून काढण्याआधी फोटो घ्या आणि क्रमांक टाका. नट ५.४ न्यूटन-मीटरला आवळायचे, टॉर्क पान्ह्यानंच. हाताच्या अंदाजानं आवळले तर मॉड्यूलमधला स्टड तुटतो आणि ते मॉड्यूल गेलं.

मुलाच्या म्हणण्याबद्दल : एक मॉड्यूल बदलल्यानं कोड जातो, हे खरं. पण दहा-बारा वर्षं एकत्र झिजलेल्या ३४ मध्ये एक ताजं घातलं की पुढचं दुबळं लवकरच वर येतं. गाडी स्वतःकडे ठेवायची असेल तर तीन-चारपेक्षा जास्त खराब निघाल्यावर पूर्ण पॅकच बदला.

प्रश्न : पावसाळाभर गाडी गोठ्याशेजारी होती. आता मीटरवर धोक्याचा लाल त्रिकोण आणि पी०एए६ कोड. उंदरांनी वायरी कुरतडल्या आहेत. इन्सुलेशन टेपनं भागेल का? – एक वाचक, खानापूर

उत्तर : बारीक, साध्या रंगाच्या वायरी जोडता येतात : सोल्डर करा, वर हीटश्रिंक नळी चढवा. नारिंगी केबलला मात्र टेप कधीच नाही, ती बदलायची.

पी०एए६ म्हणजे मोठ्या दाबाची वीज कुठेतरी गाडीच्या बॉडीकडे गळतेय. या कोडसोबत तीन आकडी उपकोड येतो, तो लिहून घ्या. ६११ म्हणजे एसी कॉम्प्रेसरची बाजू, ६१२ बॅटरीची, ६१३ गिअरबॉक्समधल्या मोटरींची, ६१४ मधल्या केबल आणि इन्व्हर्टरची. नुसता ५२६ असेल तर जागा अजून ठरलेली नाही. तुमच्याकडे ६१२ असण्याची शक्यता जास्त, कारण उंदीर पॅकच्या उबेला बसतात आणि त्यांचं मूत वीज वाहून नेतं. तसं असेल तर पॅक उघडून साफ करून पूर्ण वाळवावा लागतो.

६११ निघाला तर आधी विचारा, एसीचा गॅस कोणी भरला? या कॉम्प्रेसरची मोटर तेलातच बुडालेली असते, म्हणून त्याला वीज न वाहणारं खास तेल लागतं, एनडी-११. बाकी गाड्यांचं पॅग तेल घातलं की गळती सुरू होते आणि चांगला कॉम्प्रेसर निकामी ठरतो.

प्रश्न : प्रियस गावात नीट चालते. तवंदी घाट चढताना मात्र जोर जातो, त्रिकोण लागतो. थंड झाली की पुन्हा चालते. – एक वाचक, संकेश्वर

उत्तर : पी०ए९३ कोड आहे का बघा. गाडी ‘रेडी’ करून बॉनेटखाली इन्व्हर्टरच्या कूलंट टाकीत डोकावा. कूलंट हलताना दिसलं पाहिजे. स्थिर असेल तर इन्व्हर्टरचा छोटा विजेवरचा पंप बंद आहे, किंवा नळीत हवा अडकली आहे. पंपाच्या कनेक्टरवर १२ व्होल्ट येतात का मोजा. येत असूनही फिरत नसेल तर पंप बदला. गुलाबी, तयार मिसळलेलं कूलंटच घाला, नळाचं पाणी नको, आणि बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढा. इन्व्हर्टर महाग आहे, पंप त्यामानानं स्वस्त. लाल त्रिकोण लागलेला असताना घाट चढू नका.

प्रश्न : ‘रेडी’ येतं, इंजिन फिरतं पण पेट घेत नाही. मोठ्या बॅटरीची कांडी उतरत चालली आहे. – एक वाचक, गोकाक

उत्तर : पुन्हा पुन्हा प्रयत्न थांबवा. या गाडीत वेगळा स्टार्टर नाही, मोठी बॅटरीच इंजिन फिरवते. ती पूर्ण उतरली की घरी चार्ज करायचा सोपा मार्ग राहत नाही. आधी टाकी बघा. महिनोन्महिने उभ्या गाडीतलं इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओल धरतं. ते उपसा, १० लिटर ताजं घाला. मग थ्रॉटल बॉडी साफ करा, प्लग काढून बघा. प्लग कोरडे असतील तर पेट्रोल येत नाही, म्हणजे पंप किंवा त्याचा रिले. एखादा प्लग पाण्यानं ओला आणि बाकी कोरडे, तर हेड गॅस्केट. २०१० नंतरच्या प्रियसमध्ये ईजीआर (थोडा धूर पुन्हा इंजिनात नेणारी नळी-झडप) काजळीनं चोंदल्यावर गॅस्केट जाते, तेव्हा नुसती गॅस्केट बदलून ईजीआर तसाच ठेवू नका.

तुमच्या भागासाठी वेगळी सूचना : २०१९ च्या ऑगस्टमधल्या आणि २०२१ च्या जुलैमधल्या पुरात बुडालेली गाडी असू शकते. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून शेवटच्या भागावर गाळाची रेघ आहे का बघा, सीटचे रूळ आणि स्टेपनीचा खड्डा बघा. मोठी बॅटरी जमिनीलगतच असते. गाळ दिसला तर कितीही स्वस्त असली तरी सोडा.

प्रश्न : मारुती सियाझ एसएचव्हीएसलाही (सौम्य हायब्रिड) हे सगळं लागू आहे का? – एक वाचिका, बैलहोंगल

उत्तर : नाही. ती १२ व्होल्टचीच यंत्रणा आहे, नारिंगी केबल नाही. साध्या गाडीसारखी तपासा. फक्त बॅटरी कंपनीनं सांगितलेल्या प्रकारचीच घाला आणि बेल्ट बघा.

प्रश्न : एमएच-०९ ची बंद गाडी घेतली तर कागदांचं काय? – एक वाचक, चिकोडी

उत्तर : कोल्हापूर आरटीओची एनओसी फॉर्म २८ वर विक्रेत्यानं काढायची, सोबत मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३०. इकडे फॉर्म २७ वर केए-२३ चा नंबर मागायचा आणि कर्नाटकाचा आजीवन कर भरायचा. तो गाडीच्या वयावर आणि किमतीवर ठरतो, म्हणून व्यवहाराआधी आरटीओत आकडा विचारून घ्या. दुसऱ्या राज्याची गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर नवा नंबर घ्यावाच लागतो. महाराष्ट्रात भरलेल्या कराच्या उरलेल्या भागाच्या परताव्यासाठी अर्ज करता येतो. तपासणीला गाडी दाखवावी लागते, म्हणजे आधी चालू व्हायला हवी. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. २०११ च्या गाडीची मुदत २०२६ मध्ये संपते, त्यामुळे नूतनीकरणाचा खर्च भावातच वजा करून घ्या, आणि एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.