दहा डिस्कचा संच, वीस हजारांचा खर्च आणि तोंडावर आलेला खरीप

दारव्हा तालुक्यातल्या एका वाचकाने विचारलं आहे: कापूस आणि तुरीचे मिळून 1,40,000 रुपयांचे चुकारे हाती आले आहेत. पीककर्ज 90,000 रुपये भरायचं आहे. घरखर्च दुधाच्या पैशांत भागतो. नागपूरच्या सीताबर्डीवर एकाकडे दहा मारधाडपटांचा परदेशी ब्लू-रे (डीव्हीडीपेक्षा स्पष्ट चित्र देणाऱ्या डिस्क) संच आहे, वापरलेला, किंमत 14,000. त्याच्याकडेच जुना प्लेयर 6,000 ला मिळतो. घरी 43 इंची फुल एचडी टीव्ही आहे. माल चांगला असेल तर घेऊ का, आणि पुढे त्याची किंमत वाढेल का?

दादा, आधी कर्ज. मुदतीत फेडलं तर 3 लाखांपर्यंतच्या पीककर्जावर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे व्याज शून्यावर येतं. मुदत चुकली तर साधं 7 टक्के धरलं तरी 90,000 वर वर्षाचे 6,300 रुपये होतात, म्हणजे तुमच्या प्लेयरच्या किमतीपेक्षा जास्त. कर्ज फेडल्यावर उरतात 50,000. नवं कर्ज हाती पडेपर्यंत बियाणं, खत आणि पेरणीसाठी 25,000 बाजूला ठेवा. राहिले 25,000. त्यातून 20,000 गेले, तर घरात कोणी आजारी पडल्यावर हाताशी फक्त 5,000 उरतील. हे मला पटत नाही. 15,000 दवाखान्यासाठी वेगळ्या खात्यात टाका. हौसेला 10,000, त्यावर एक रुपया नाही.

किंमत वाढण्याची आशा हिशेबात धरू नका. खोक्याचा कोपरा दबला, आतली पुस्तिका हरवली किंवा एक डिस्क अडकली की वापरलेल्या संचाचा भाव कोसळतो. परत विकून शून्य रुपये येतील असं समजूनच ठरवा.

आता मालाबद्दल. ब्लू-रे घेण्याचा तुमचा विचार चुकीचा नाही. डीव्हीडीचं चित्र 720 बाय 576 ठिपक्यांचं, ब्लू-रेचं 1920 बाय 1080. गुणाकार करून पाहा, बरोबर पाचपट. मारधाडपटात फरक आणखी दिसतो, कारण धूळ, धूर, पाणी आणि स्फोट यांत प्रत्येक क्षणी सगळं चित्र बदलतं. डीव्हीडी सेकंदाला जेमतेम 10 मेगाबिट माहिती देते, ब्लू-रे चित्रासाठी 40 पर्यंत देऊ शकते. माहिती कमी पडली की धुराचे चौकोनी तुकडे दिसतात. म्हणून एका डिस्कवर दोन-तीन चित्रपट कोंबलेला संच स्वस्त असला तरी सोडा.

सगळ्यात जास्त पैसे बुडतात ते रीजनमुळे, म्हणजे डिस्क कोणत्या देशांच्या प्लेयरवर चालेल हे ठरवणाऱ्या गटामुळे. ब्लू-रेसाठी भारत सी गटात, अमेरिका ए, युरोप बी. फक्त ए लिहिलेली डिस्क आपल्याकडच्या साध्या प्लेयरवर चालणारच नाही. खोक्याच्या मागे तिन्ही अक्षरं असतील तर काळजी नाही. प्रत्येक डिस्क वेगळी पाहा, कारण एकाच संचात वेगवेगळे गट निघू शकतात.

दुकानात जायचं ते दोन-अडीच तासांची सवड काढून. डिस्क तिरकी धरून उजेडात फिरवा. मधल्या भोकापासून कडेकडे सरळ जाणारा बारीक ओरखडा बहुधा चालून जातो. गोल, कडेला समांतर ओरखडा घातक, कारण तो एकाच वाटेवरची सलग माहिती पुसतो. 'पॉलिश करून देतो' म्हणाले तर नको म्हणा. डीव्हीडीत माहितीचा थर पृष्ठभागाखाली 0.6 मिलिमीटरवर असतो, तिथे घासून भागतं. ब्लू-रेत तो फक्त 0.1 मिलिमीटरवर असतो. घासलं की वरचं कडक आवरणही जातं आणि डिस्कही.

मग ती चालवून पाहा. बहुतेक जण पहिली पाच मिनिटं बघून समाधान मानतात, तिथेच फसतात. दोन थरांच्या डिस्कवर पहिला थर आतून बाहेर वाचला जातो आणि दुसरा बाहेरून आत. म्हणजे चित्रपटाचा मधला भाग बाहेरच्या कडेला असतो, आणि बोटांचे डाग व ओरखडे तिथेच जास्त पडतात. प्रत्येक डिस्कची सुरुवातीची दोन, मधली दहा आणि शेवटची दोन मिनिटं पाहा. चित्र थबकलं तर ती डिस्क बाद.

चित्र पारखण्यापूर्वी टीव्हीचा शार्पनेस खाली आणा आणि हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. फिल्मवर चित्रित झालेल्या जुन्या चित्रपटात बारीक दाणा, म्हणजे फिल्मचा मूळचा रवाळपणा, दिसायलाच हवा. चेहरे मेणासारखे गुळगुळीत दिसले तर कंपनीने दाणा पुसताना तपशीलही पुसला आहे. विजेच्या खांबाभोवती पांढरी रेघ दिसली तर कडा कृत्रिमपणे ठळक केल्या आहेत. वरखालच्या काळ्या पट्ट्यांना मात्र दोष देऊ नका. रुंद पडद्याचं चित्र पूर्ण आहे याची ती खूण आहे. पट्ट्या नसतील तर बाजूचं चित्र कापलेलं असू शकतं. दमदार आवाजासाठी जादा पैसे मोजू नका, टीव्हीच्या स्पीकरवर तो फरक फारसा कळत नाही.

आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. डिस्क टिनाखालच्या माळ्यावर किंवा पेटीत आडव्या रचू नका, वाकतात. आतल्या खोलीत, सावलीच्या भिंतीला, उभ्या ठेवा.

तेव्हा आत्ता फक्त प्लेयर घ्या, तोही तुमच्या टीव्हीवर किंवा तशाच टीव्हीवर चालवून, आणि उरलेल्या 4,000 मध्ये तुम्हाला खरोखर पुन्हा पाहावेसे वाटणारे दोन-तीन चित्रपट सुटे घ्या. संच सोयाबीनचा पैसा आल्यावर. तोवर विकला गेला तर दुसरा शोधू. राहिला तर आगाऊ रक्कम न देता एवढंच विचारा: न चालणारी डिस्क सात दिवसांत परत घेऊन तिचे 1,400 रुपये देणार, असं पावतीवर लिहून देता का? नाही म्हणाला तर दारव्ह्याची गाडी पकडा.